'विमाहीन' : एका शब्दाची चिकित्सा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सहव्यवसायी वैद्यबंधू-भगिनींच्या पुढाकाराने मोफत तपासणी शिबिरे नियमितपणे होत असतात, ही समाधानाची बाब आहे. अशाच एका शिबिराच्या पत्रकावर 'केवळ विमाहीन रुग्णांसाठी' असे छापलेले वाचनात आले. पत्रक काढणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. ज्याच्यापाशी उपचारखर्चाची सोय नाही त्याला प्राधान्य मिळावे, एवढेच त्यांना सुचवावयाचे होते. पुढे तोच शब्द एका सहव्यवसायींच्या केसपेपरवर छापील रकान्यात दिसला आणि एका परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेत 'विमाहीन समाज' असा विस्तार पावलेला आढळला. शब्द एकदा रुळला की त्याविषयी प्रश्न विचारणे अवघड होते. व्याधी जीर्ण होण्यापूर्वी निदान झालेले बरे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रारंभी 'विमा' या शब्दाविषयी. आपणां वैद्यांना प्रत्येक शब्दाचा धातू शोधण्याची सवय असते, आणि 'विमा' म्हटले की चरकसंहितेतील विमानस्थान आठवून 'वि + मा', म्हणजे विशेष रीतीने मोजणे, अशी व्युत्पत्ती जिभेवर येते. जोखीम मोजून हप्ता ठरविण्याचा हा व्यवहार असल्याने ती शोभूनही दिसते. परंतु ती खरी नव्हे. हा शब्द संस्कृतातून आलेला नसून फारसी 'बीम' या शब्दाशी जोडलेला आहे, आणि बीम म्हणजे भय. अर्थात नाते तोडायचे कारण नाही. फारसीतील 'बीम' आणि संस्कृतातील 'भी', 'भय', 'भीम' ही एकाच प्राचीन मुळाची अपत्ये होत. विम्याच्या पोटात भय आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मराठीने या शब्दाला जोडलेले क्रियापद अधिक बोलके आहे. आपण विमा 'उतरवितो'. अलीकडे 'पॉलिसी काढली' असे म्हटले जाते, तरी कागदोपत्री आणि जुन्या माणसांच्या तोंडी उतरविणेच आहे. मराठी माणूस डोक्यावरचे ओझे उतरवितो, मांत्रिक विष उतरवितो, आजी लेकराची दृष्ट उतरविते. ताप मात्र आपला आपण उतरतो, निदान आपल्या औषधाने उतरावा अशी अपेक्षा असते. विम्याच्या बाबतीत हे क्रियापद नेमके कसे आले, याविषयी कोणताही दावा मी करीत नाही. परंतु बोलणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते स्पष्ट आहे : एकाच्या शिरावरचा भार खाली घेतला गेला आणि तो अनेकांनी मिळून उचलला. त्या न्यायाने 'विमा न उतरविलेला' म्हणजे ज्याच्या शिरावरचा भार अजून त्याच्याच शिरावर आहे असा मनुष्य. वर्णन अचूक आहे, आणि त्यात त्या मनुष्याविषयी बरावाईट असा कोणताही अभिप्राय नाही.

'हीन' या पदाचे तसे नाही. शास्त्रात आपण हा शब्द सांभाळून वापरतो. हीनमात्रा, हीनबल, हीनसत्त्व यांत 'प्रमाणाने उणा' एवढाच अर्थ असतो. परंतु बोलीभाषेत हीन म्हणजे हलका. मतिहीन, चारित्र्यहीन, दिशाहीन या पंक्तीत 'विमाहीन' नेऊन बसविला की रुग्णाच्या ठायी काही वैगुण्य आहे, असा वास त्याला येतो. मराठी वाक्यरचनेचीही येथे साक्ष घ्यावी. आपल्याकडे येणारा रुग्ण 'मी विमाहीन आहे' असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, 'डॉक्टर, माझा विमा नाही' किंवा 'आमी काय काढलेला नाय बगा'. नसलेली वस्तू म्हणजे विमा, आणि नाकारली जाते ती वस्तू. मनुष्य जसाचा तसा उभा असतो. नकार वस्तूवरून उचलून माणसावर ठेवण्याचे काम आपल्या छापील शब्दाने केले.

'बिनविम्याचा' हा पर्याय कोणी सुचवील. तो अस्सल मराठी आहे, पण त्यालाही स्वतःचा इतिहास आहे. आपल्या भागात हा शब्द प्रथम ऐकू येतो तो गाडीच्या संदर्भात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असल्याने 'बिनविम्याची गाडी' म्हणजे दंडास पात्र गाडी; कऱ्हाड नाक्यावर पोलिसाने शिटी वाजविली की छातीत धडधडणारी गाडी. त्या शब्दातला गुन्हा रुग्णाच्या अंगाला चिकटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, त्या महापुरानंतर हे उघड दिसले. दुकाने, दवाखाने, औषधांची गोदामे चिखलात गेली होती. भेटीला आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारी, 'विमा होता ना ?' उत्तर नकारार्थी आले की सहानुभूतीत कळेल न कळेल असा ठपका मिसळे. चूर्णे, काढ्यांच्या बाटल्या, वर्षानुवर्षांचे केसपेपर गमावलेल्या मनुष्याला आपले नुकसान हा आपलाच गाफीलपणा वाटू लागे. मालमत्तेच्या बाबतीत त्या प्रश्नात थोडेबहुत तथ्य असेलही. व्याधीच्या बाबतीत ते नाही. आमवात कोणी गाफीलपणाने अंगावर ओढवून घेत नाही. (आहारविहाराविषयी आपण जे सांगतो ते खरेच, पण ते सांगण्याची वेळ नाडी पाहिल्यानंतरची.)

विमा नसणे हा प्रत्येक वेळी स्वतःचा निर्णय असतो, हा समजही तपासून पाहावा. एकोणिसाव्या शतकात परदेशी विमा कंपन्या भारतीयांचे आयुष्य अधिक जोखमीचे ठरवून जादा हप्ता आकारीत किंवा विमा उतरविण्याचेच नाकारीत. त्या काळच्या आपल्या पूर्वजांना विमाहीन म्हणावे काय ? ते विमा नाकारलेले होते. १८७० च्या सुमारास मुंबईत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरविण्यास आरंभ केला, आणि पुढे स्वदेशीच्या वातावरणात एतद्देशीय कंपन्या उभ्या राहिल्या.

या बाबतीत सातारकरांनी संकोच करावा असे काही नाही. १९१३ साली साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 'वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी' स्थापन केली. मुंबई नाही, पुणे नाही, सातारा. जिल्ह्याच्या गावी आयुर्विम्याची कंपनी त्या काळी निघाली आणि टिकली. याच चिरमुल्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली, जी २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. विमा कंपनीचा स्वतंत्र संसार १९५६ मध्ये संपला. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्यात देशभरातील २४५ विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था सामावल्या, आणि साताऱ्याची कंपनी त्यांपैकी एक होती. महामंडळाच्या मुंबईतील मुख्य कार्यालयाच्या वास्तूस 'योगक्षेम' असे नाव आहे. अप्राप्त वस्तूची प्राप्ती हा योग आणि प्राप्त वस्तूचे रक्षण हा क्षेम. निवड उत्तम आहे. विम्यासाठी संस्कृत शब्द हवाच असेल तर तो आधीच इमारतीवर कोरलेला आहे.

परंतु हा झाला आयुष्याचा विमा. आपल्या दवाखान्यात जो प्रश्न विचारला जातो तो आरोग्यविम्याचा, आणि त्याचे वय लहान आहे. सर्वसाधारण विमा कंपन्यांची 'मेडिक्लेम' योजना १९८६ मधील. तिच्या नावानेच हा विमा आपल्याकडे अजून ओळखला जातो. कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य विमा योजना त्यापूर्वीची, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आतली, आणि वेतनमर्यादेने बांधलेली. ती मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये झाली. खेड्यातील शेतकरी, रोजंदार, छोटा दुकानदार यांच्या वाट्याला काही आले ते राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने. ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्या आठांत सातारा नव्हता, सांगलीही नव्हती. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

त्या योजनेत माणूस मोजला जाई तो शिधापत्रिकेच्या रंगाने. १९९९ पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आहेत. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते; शुभ्र शिधापत्रिका असणाऱ्याला नव्हते. शेतकरी आत्महत्यांमुळे चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना अपवाद करण्यात आला, पण ते जिल्हे मराठवाडा व विदर्भातील होते. परिणाम असा की कोरेगाव किंवा तासगाव तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने कधी काळी उसाच्या किंवा द्राक्षाच्या एका चांगल्या वर्षात शुभ्र शिधापत्रिका घेतली, तो पुढची कित्येक वर्षे कोणत्याच यादीत नव्हता. महागडी पॉलिसी घेण्याइतका तो सधन नव्हता आणि योजनेत बसण्याइतका गरीब ठरत नव्हता. २०२१ मध्ये निती आयोगाने आरोग्यविम्यातून सुटलेल्या या मधल्या थरावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि देशातील सुमारे तीस टक्के लोक या थरात असल्याचे नमूद केले. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कोणत्याही प्रकारचे आरोग्यखर्च-संरक्षण असलेले लोक ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात १९ टक्के आढळले होते. एवढ्या मोठ्या बहुसंख्येला 'हीन' म्हणणे कोणत्या गणितात बसते, ते मला कळत नाही.

आता परिस्थिती पालटली आहे, आणि शब्दाची खरी फजिती येथेच होते. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने महात्मा फुले योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली, संरक्षणाची मर्यादा पाच लाख झाली, आणि २०२४ मध्ये त्याचा अंमल सुरू झाला. शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली. म्हणजे कागदावर पाहता आज महाराष्ट्रात 'विमाहीन' असा रहिवासी जवळपास उरलेलाच नाही. शिबिराच्या पत्रकावरील अट शब्दशः पाळावयाची तर शिबिरास कोणीही येऊ शकणार नाही.

आणि तरीही आपल्या दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विमा नसलेलाच असतो. ही विसंगती नीट समजून घेतली पाहिजे. शासकीय योजना अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरवून दिलेल्या उपचारांपुरती चालते. त्या यादीतील बहुतांश उपचार हे दाखल होऊन घ्यावयाचे, शस्त्रक्रियांचे व मोठ्या व्याधींचे आहेत. खाजगी पॉलिसीत सर्वसाधारणतः चोवीस तास दाखल राहण्याची अट असते. आयुर्वेदीय उपचारांचे म्हणाल, तर विमा नियामक प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने वागविण्याचे निर्देश विमा कंपन्यांना दिले, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. या निर्णयाचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु विम्याच्या परिभाषेत आयुष रुग्णालय कशास म्हणावे ? किमान पाच खाटा, चोवीस तास अर्हताप्राप्त चिकित्सक, चिकित्सेसाठी स्वतंत्र कक्ष, दैनंदिन नोंदी. आपल्या दोन जिल्ह्यांतील किती वैद्यांपाशी हे आहे ? वाई, फलटण, विटा, जत, कवठेमहांकाळ, कोठेही जा. आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय दोन खोल्यांत चालतो. पुढे तपासणी, मागे औषधालय, फार तर अभ्यंगासाठी एक द्रोणी. त्या उंबरठ्याच्या बाहेर पाच लाखांचे संरक्षण असलेला मनुष्य उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच विमा नसलेला होतो. त्याच्यात काही उणे आले काय ? विमा असणे अथवा नसणे हा मनुष्याचा गुणधर्म नव्हे. मनुष्य, व्याधी, चिकित्सा आणि स्थळ या चौघांच्या संयोगाने ठरणारी ती अवस्था आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जो विमेदार आहे, तोच त्याच गुडघ्याच्या जानुबस्तीसाठी दवाखान्यात आला तर विमेदार नाही.

म्हणूनच या ठिकाणी 'हीन' वापरावयाचाच असेल, तर तो शास्त्राने जसा वापरला तसा वापरावा, असे मला सुचवावेसे वाटते. वाग्भटांनी काल, अर्थ आणि कर्म यांचे हीन, मिथ्या व अति असे योग रोगाचे कारण म्हणून सांगितले. चरकांनी हीनयोगाच्या जागी अयोग म्हटले. येथे हीनत्व आहे ते योगाचे आहे, पुरुषाचे नाही. विमा काढलेलाच नाही, तो अयोग. विमा आहे परंतु या व्याधीस, या चिकित्सेस, या स्थळी तो पोहोचत नाही, तो हीनयोग. पूर्वीपासून असलेल्या व्याधीसाठी प्रतीक्षाकाल चालू आहे (एप्रिल २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर आली), तोही हीनयोगच. 'विमा आहे' म्हणून गरज नसता तपासण्या आणि खाटेवरचे दिवस वाढतात, तो अतियोग. त्याची उदाहरणे वाचकांनी शहरातील रुग्णालयांच्या बिलांत स्वतः पाहिलेली आहेत, मी वेगळी देत नाही.

राहिला मिथ्यायोग, आणि त्याविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल, कारण तो आपल्या घरात येऊ पाहत आहे. २०२४ पासून काही सहव्यवसायींकडे रुग्ण सरळ विचारू लागले आहेत, 'एक रात्र ऍडमिट दाखवता येईल का ?' विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. घरातला हप्ता दरवर्षी भरायचा, आणि सात दिवसांच्या बस्तीचा खर्च पुन्हा खिशातून करायचा, हे त्याला अन्यायाचे वाटते. परंतु जो दिवसा येऊन, बस्ती घेऊन, सायंकाळी घरी जाऊन जेवतो, त्याच्या नावे आंतररुग्ण नोंदवहीत रात्र लिहिणे ही खोटी नोंद आहे. काही जण याला रुग्णाचे हित म्हणतात. माझे मत असे की अशा चार नोंदी पकडल्या गेल्या की 'आयुर्वेदाचे दावे' या मथळ्याखाली आपल्या सर्वांचे दावे लांबतील, आणि खरोखर दाखल होऊन पक्षाघाताची चिकित्सा घेणाऱ्या रुग्णाचा दावाही संशयाने तपासला जाईल. दिवसभराच्या पंचकर्मास दिवसभराचाच उपचार म्हणून मान्यता मिळावी, ही मागणी संघटनेने उघडपणे करावी. रात्रीची नोंद करून ती मागणी मागच्या दाराने पूर्ण होत नाही.

शब्दांचा गोंधळ रुग्णाला कोठवर नेतो, याचे एक उदाहरण देतो. 'कॅशलेस' हा शब्द आता खेड्यापर्यंत पोहोचला आहे. विमा व्यवहारात त्याचा अर्थ रुग्णाने रोख रक्कम न भरता कंपनीने परस्पर रुग्णालयाचे देणे भागविणे. त्याच्या उलट जो, तो रुग्णालयाच्या भाषेत 'कॅश पेशंट'. माण तालुक्यातील साठीच्या एक बाई संधिवाताच्या तक्रारीसाठी आल्या होत्या. मुलाने घेतलेल्या पॉलिसीचे कार्ड त्यांच्या पिशवीत होते. त्यांना विचारले, 'मावशी, कॅशलेस आहे का ?' त्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, 'न्हाई बाबा, पैसं आणल्यात की.' त्यांनी त्या शब्दाचा अर्थ 'पैसे नसलेला' असा लावला, आणि भाषेच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर होते. रोकड नाही तो कॅशलेस, विमा नाही तो विमाहीन. दोन्ही शब्दांतून खेड्यातल्या माणसाला एकच ऐकू येते : तुझ्यापाशी नाही.

काही दवाखान्यांत नाव, गाव, वय यांच्या पाठोपाठ मदतनीस विचारतो, 'मेडिक्लेम आहे का ?' आपल्याकडे बाह्यरुग्ण म्हणून आलेल्याला या प्रश्नाच्या उत्तराने कोणताही फरक पडत नसतो. तपासणीचे आणि आठवड्याच्या औषधाचे शुल्क दोन्ही उत्तरांना सारखेच असते. परंतु 'नाही' म्हणणारा मनाशी हिशेब मांडतो की ज्याअर्थी विचारले त्याअर्थी खर्च मोठा असणार. वैद्यांची खोली यायच्या आधी तो 'पुढल्या सोमवारी येतो' म्हणून उठतो. पुढल्या सोमवारी तो येत नाही. तो येतो तेव्हा हाताची बोटे वाकडी झालेली असतात.

येथे विम्याच्या पोटातील भयाकडे वळतो. चरकांनी चिकित्सेच्या चतुष्पादात रोग्याचे चार गुण सांगितले : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. त्यात द्रव्य नाही. सुश्रुतांनी रोग्याला 'द्रव्यवान' म्हटले आणि वाग्भटांनी 'आढ्य' म्हणजे धनवान हा गुण गणला. आपले आचार्य व्यवहार जाणणारे होते, द्रव्य असेल तर चिकित्सा सुकर होते हे त्यांनी लपविले नाही. परंतु चरकांनी धन न मागता निर्भयता मागितली, हे लक्षणीय आहे. रोगी न भिणारा असावा. ज्या धातूपासून 'अभीरु' त्याच कुळातून 'विमा'. पहिल्याच प्रश्नाने रुग्णाला भ्यावयास लावणारा वैद्य चतुष्पादातील एक पाद आपल्या हाताने लंगडा करतो.

चरकांच्याच सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायाचे स्मरण करून देणे आवश्यक वाटते. राजा, राजतुल्य किंवा विपुल द्रव्य असलेल्या व्यक्तीस वमन-विरेचन द्यावयाचे तर आधी काय काय सिद्ध ठेवावे, याची विस्तृत यादी तेथे आहे : दृढ व निवांत गृह, परिचारक, पाकशाळेची साधने, भांडी, अंथरूण, नाना औषधे. आजच्या भाषेत ते सुसज्ज रुग्णालयच. आणि ही यादी संपल्यावर आचार्य दरिद्र्याकडे वळतात. सर्वांपाशी सर्व साधने नसतात, व्याधी मात्र त्यांनाही होतात, हे ध्यानात घेऊन दुर्लभ सामग्रीची वाट न पाहता शक्य असेल त्या साधनांनी त्याचे शोधन करावे, असा त्यांचा आदेश आहे. दरिद्री मनुष्याचा येथे केवळ उल्लेख आहे, त्याच्यासाठी वेगळे हीन शास्त्र सांगितलेले नाही. या अध्यायाचा पूर्वार्ध आपण पंचकर्म केंद्रांच्या जाहिरातींत वापरतो. उत्तरार्ध पदवी परीक्षेनंतर फारसा कोणी उघडत नाही.

तेव्हा व्यवहारात काय करावे ? बोलताना 'विमा नाही', लिहिताना 'विमा उतरविलेला नाही' हे शब्द पुरेसे आहेत. 'विमारहित', 'अविमित' अशी संस्कृताची वस्त्रे नेसवून नवे शब्द घडविण्याची गरज नाही. केसपेपर नव्याने छापताना विम्याचा रकाना पहिल्या पानावरून काढून शेवटी, चिकित्सासूत्राच्या खाली न्यावा. व्याधी ठरली, चिकित्सा ठरली की मगच प्रश्न अर्थपूर्ण होतो. आणि तेथे 'आहे / नाही' असे दोन चौकोन न ठेवता एक मोकळी ओळ ठेवावी : कोणत्या चिकित्सेसाठी, कोणत्या योजनेतून, किती. ज्याला अंगीकृत रुग्णालयातील शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे, त्याला ते स्पष्ट सांगून योजनेच्या आरोग्यमित्राकडे धाडावे. अनेकांना आपण २०२३ च्या निर्णयाने योजनेत आलो आहोत, याची वार्ताही नसते. शुभ्र शिधापत्रिकेचे जुने धारक तर अजून स्वतःला बाहेरचेच समजतात. त्यांना हे सांगण्यास वैद्याइतका विश्वासाचा मनुष्य गावात दुसरा नाही. मोफत शिबिरासाठी अटच घालावयाची असेल तर 'ज्यांना उपचारखर्च स्वतः करावा लागतो त्यांच्यासाठी' एवढे लिहावे. ओळ लांब होते, होऊ द्यावी.

जाता जाता एक विषय, जो रुग्णाचा नाही, आपला आहे. वैद्यकीय व्यवसाय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला, त्याला तीस वर्षे झाली. व्यावसायिक नुकसानभरपाईचा विमा अनेक सहव्यवसायींनी अद्याप उतरविलेला नाही; ज्यांनी उतरविला आहे त्यांपैकी किती जणांनी त्यातील अटी वाचल्या आहेत, हा वेगळा प्रश्न. १९९६ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीची अर्हता असलेल्या चिकित्सकाने दिलेले ऍलोपॅथिक उपचार हे मुळातच हलगर्जीपणात मोडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. महाराष्ट्रात आपल्याला आधुनिक औषधे वापरण्याची मुभा १९६१ च्या राज्य कायद्याने व १९९२ च्या अधिसूचनेने आहे, हे खरे. परंतु पॉलिसीच्या कागदावर 'अर्हतेच्या कक्षेतील चिकित्सा' या शब्दांत ती मुभा धरली आहे किंवा नाही, हे ज्याने त्याने आपल्या प्रतीत पाहून घ्यावे. ज्यांना तेथे स्पष्ट शब्द सापडणार नाहीत त्यांनी पुढील हप्ता भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे, आणि ते आल्यास त्याची एक प्रत संघटनेच्या कार्यालयाकडे पाठवावी.